उस्तादांचे कान आणि माझी खडखड

मी एक जुना डिझेल ट्रक आहे. मित्रांनो, आमच्या घराण्यात हळू आवाजात बोलायची पद्धत नाही. आम्ही वळणाच्या पलीकडे असतानाच लोक रस्त्याच्या कडेला होतात. तरुणपणी मला या आवाजाचा केवढा तोरा होता! पण आयुष्यात एकदाच जीव तोडून ओरडायची वेळ आली, तेव्हा तो कुणाच्याही कानापर्यंत पोहोचला नाही. त्याची खंत मनात आहे, म्हणून आज बोलायला बसलो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता सांगाडा होतो. केबिन आणि हौदा पुढे एका सुताराने बांधला. नंतर बावीस वर्षे मी खाणीतली खडी वाहिली. मालक चारचौघांत म्हणायचा, "कितीही भरा, हा कुरकुरत नाही." खरे तर मी सारखा कुरकुरत होतो, पण त्याला ते कौतुक वाटायचे आणि मलाही बरे वाटायचे. मग एक नवा, मऊ आवाजाचा ट्रक आला आणि माझी रवानगी धान्याच्या गोदामामागे झाली. तिथे अकरा वर्षे गेली. चाके जमिनीत रुतली आणि कोंबड्या केबिनमध्ये अंडी घालू लागल्या. येणारा-जाणारा म्हणायचा, "वय झालं याचं." ऐकून ऐकून मलाही ते पटले होते.

तिथे मला ठिणगीने शोधले. हे तिचे खरे नाव नव्हे. ती वेल्डिंग करायची, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत. तिच्या दुकानाची जागा जाणार होती. गेट आणि खिडक्या दुकानात आणण्यापेक्षा दुकानच चाकांवर घालून लोकांच्या दारात न्यायचे, असे तिच्या मनात होते. नवी गाडी तिच्या आवाक्याबाहेर होती. माझ्यासारखे भंगार तेवढे परवडण्यासारखे होते.

मला पारखायला तिने वडिलांना आणले. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. जन्मभर ट्रक चालवून ते आता घरी बसले होते, पण नुसते नव्हे. दारासमोरच्या बाकावर त्यांचा दरबार भरायचा. लोक आपापल्या गाड्या आणून म्हणत, "उस्ताद, जरा ऐका ना." ते पाना हातात घेत नसत. डोळे मिटून इंजिन ऐकत आणि दुखणे कुठे आहे ते सांगत. म्हातारपणी त्यांच्याजवळ हा एवढाच मान उरला होता.

त्यांच्या सांगण्यावरून ठिणगीने माझ्या डिझेलच्या नळीतली हवा काढली, शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून मला धक्का दिला आणि अकरा वर्षांनी मी खोकलो. कोंबड्या फडफडत उधळल्या. उस्तादांनी डोळे मिटले.

"तिसरा सिलेंडर रुसलाय," ते म्हणाले. "बाकी गडी मनाने साफ आहे. घे."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझे कुणी असे ऐकले नव्हते.

पुढचे पाच महिने माझी डागडुजी चालली. ठिणगीने मोडीत निघालेल्या बसच्या सीट आणल्या. लोखंडी कॉट कापून मागे चढायची शिडी केली. हौद्यात जनरेटर आणि वेल्डिंगचे मशीन बसवले आणि बाजूला हत्यारांची पेटी टांगली. कुणाच्या तरी गेटचा हिरवा रंग उरला होता, तो मला लागला. आरशात बघून मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

ऑइलचा दाब दाखवणारा काटा मात्र कधीचाच मेला होता. ठिणगी नवा आणायला निघाली, तर उस्ताद म्हणाले, "काट्याबिट्यावर पैसे घालू नकोस. माझे कान आहेत ना!"

वाचलेल्या पैशांत तिने दुसरेच काही केले. एका बंद पडलेल्या हॉटेलच्या जुन्या गाद्या आणल्या, त्यांतला फोम काढला आणि केबिनचा तळ, दारे, इंजिनवरचे झाकण, सगळीकडे दोन-दोन थर चिकटवले. तिला वडिलांशी बोलायचे होते. तिच्या लहानपणी ते कायम रस्त्यावर असत. घरी आले की झोपत आणि उठले की निघत. आता एका केबिनमध्ये शेजारी बसायचे, तर माझ्या खडखडाटात एकमेकांचे शब्द ऐकू आले पाहिजेत, एवढेच तिचे म्हणणे होते.

उस्तादांनी आत बसून पाहिले आणि खूश झाले. "यात तुम्हाला इंजिन ऐकू येईल ना?" तिने विचारले. ते हसले. "गाद्या काय, भिंत बांध. मला ऐकू येईल."

मीही भुललो. जन्मभर खडी वाहिलेल्याला कुणी मऊ मऊ लपेटले, तर तो नको कशाला म्हणेल?

पहिल्याच कामाला आम्ही एका टेकडीवरच्या शाळेचे गेट जोडायला निघालो. उस्ताद चालवत होते आणि ठिणगी शेजारी बसली होती. चढण सुरू झाली आणि तिने विचारले, "बाबा, आई तुमच्यावर कधी चिडायची का हो?"

"चिडायची? एकदा तिने माझा डबा शेजाऱ्याला देऊन टाकला होता. म्हणे, तो निदान वेळेवर घरी येतो." दोघे खळखळून हसली. बायको गेल्यापासून उस्ताद तिच्याबद्दल बोलले नव्हते. त्या चढणीवर ते पहिल्यांदा बोलले आणि बोलतच राहिले.

त्याच वेळी हत्यारांची पेटी टांगायला लावलेल्या नव्या पट्टीवर घासून माझ्या ऑइलची नळी फाटली होती. ऑइल रस्त्यावर सांडत होते. आत लोखंड लोखंडावर घासू लागले आणि मी ठोके द्यायला लागलो. आधी हळू, मग जोरात, मग जिवाच्या आकांताने. पण आवाज गाद्यांत जिरत होता. वर बाप-लेक हसत होती. खरे सांगू का? अर्धा जीव ओरडत होता आणि उरलेला अर्धा त्यांच्या गप्पा ऐकत होता.

वरच्या वळणावर माझे इंजिन जाम झाले. गाडी थांबली. उस्तादांनी झाकण उघडले. धूर पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"एवढं होईपर्यंत मला ऐकू आलं नाही?" ते पुटपुटले. "ठिणगे, माझे कान गेले गं."

तिने त्यांचा हात धरला आणि मायेने म्हणाली, "असू द्या बाबा. वय झालं आता."

ते शब्द मी पूर्वी गोदामामागे ऐकले होते. माणसाचे त्याने काय होते, ते मला तेव्हा माहीत नव्हते.

मला ओढत त्यांच्या अंगणात आणून उभे केले. तिथून बाक समोर दिसायचा. दुसऱ्या दिवशी एक जण गाडी घेऊन आला. उस्ताद म्हणाले, "मला नाही कळत आता. दुसरीकडे दाखव." तिसऱ्या दिवशीही तेच. हळूहळू लोक यायचे थांबले. घरातही ते कशावर मत देईनात. ठिणगी सायकलवर मशीन बांधून दारोदार कामे करत पैसे जमवत राहिली. अशी दोन वर्षे गेली.

मग तिने एका शाळेच्या बसचे जुने इंजिन मिळवले आणि मला बसवले. पाणी मुरून गाद्या कुजल्या होत्या, म्हणून त्या सगळ्या खरवडून फेकल्या. उघड्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसून तिने मला रस्त्यावर काढले आणि शंभर पावलांतच ब्रेक मारला. पंख्याचा पट्टा किंचित चिरकत होता, तो तिलासुद्धा ऐकू आला होता. ती स्टिअरिंग धरून बसून राहिली. मग जागच्या जागी गाडी वळवून घरी आली.

"बाबा, तुमचे कान गेले नव्हते. त्यांच्यावर मीच गाद्या टाकल्या होत्या."

उस्तादांनी रस्त्याकडे पाहिले. मग म्हणाले, "मागच्या महिन्यात दूधवाला आला होता. त्याच्या टेम्पोचं काय बिनसलंय, ते मला तो रस्त्यावर असतानाच समजलं होतं. पण म्हटलं, आपल्याला काय कळतंय."

"मग?"

"इंजिन गेलं त्याचं."

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने त्यांना हाताला धरून आणले, सीटवर बसवले आणि मला चालू केले. पट्टा तसाच ठेवला होता. उस्तादांनी डोळे मिटले. माझ्या प्रत्येक चिरकण्याबरोबर त्यांचे बोट गुडघ्यावर अचूक पडत होते. त्यांना सगळे ऐकू येत होते, मित्रांनो!

त्यांनी डोळे उघडले आणि लेकीला विचारले, "तुला काय वाटतं?"

मित्रांनो, थकलेल्या माणसाला मऊ बसायला जरूर द्या. पण तो "मला आता जमत नाही" म्हणाला, तर घाईने "वय झालं" म्हणू नका. आधी खाली वाकून बघा, मध्ये काय आले आहे. गाद्या एका सकाळी निघतात. ते दोन शब्द उस्तादांच्या मनातून अजून निघालेले नाहीत.

ठिणगी "तुम्ही सांगा," एवढेच म्हणाली. डिझेल जळत होते, तरी तिने मला बंद केले नाही. मीही होता तेवढा जोर लावून चिरकत राहिलो.