डाव्या फांदीचा अर्ज

झाड वाचलं. पण नगर कार्यालयाच्या नोंदवहीत ते मेलेलं आहे आणि मी त्याच कार्यालयाचा नोकर आहे. तेव्हा वरचं वाक्य लिहिलंच गेलेलं नाही असं धरून सुरुवात करतो.

"हे इथं आणून कोण मारतंय?"

जूनमधली सकाळ होती. रहिवासी दाखल्याच्या खिडकीसमोर नऊ माणसं बसली होती, आणि ओरडल्या होत्या तोकुएबाई. वय एकसष्ट, पायात रबरी बूट. सुगिमोरींच्या बोन्साय बागेत अडतीस वर्षं त्यांनी पाणी घातलं. फक्त पाणी. आमच्या गावात म्हणतात, नीट पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षं जातात. त्या हिशेबानं बाईंना बारा पदव्या मिळायला हव्या होत्या. मिळाला एक टॉवेल, बाग बंद झाली त्या दिवशी.

म्हातारे सुगिमोरी वारले आणि त्यांच्या ओसाकातल्या मुलानं बागेतलं सगळ्यात जुनं झाड गावाला भेट देऊन टाकलं. शिंपाकु, म्हणजे कड्याकपारीत वाढणारा ज्युनिपर. उंची गुडघ्याएवढी, वय दीडशे. दीडशे वर्षं तो उघड्यावर होता, बर्फात, वादळात, युद्धात. आम्ही त्याला मायेनं आत घेतलं आणि एअर कंडिशनरखाली ठेवलं.

मालमत्ता विभागाचा कारकून या नात्यानं मी पुढे झालो. "बाई, काही मदत हवी का?"

"पांढरा कागद दे."

मी रहिवासी दाखल्याचा अर्ज दिला. त्यांनी तो फांदीखाली धरला आणि फांदीवर दोन टिचक्या मारल्या. कागदावर धूळ पडली. मग ती धूळ चालायला लागली. बाईंनी तिच्यावरून अंगठा फिरवला तशा तांबड्या रेघा उठल्या.

"लाल कोळी. कोरड्या हवेवर पोसलेत तुम्ही." कागद त्यांनी माझ्या हातात ठेवला. "घे, यांचे रहिवासी दाखले काढ."

मग त्यांनी मातीत बोट घातलं, बाहेर काढलं, हुंगलं. "पाणी कोण घालतं रे?"

मी अभिमानानं तक्ता आणला. आमच्याकडे कुठल्याही कामाला पाच शिक्के लागतात, कारकुनापासून साहेबांपर्यंत. 'पाणी घातले' या रकान्यातही पाच चौकटी होत्या. पाणी न घालता शिक्का मारणं म्हणजे खोटी नोंद. म्हणून पाचही जण घालत होतो. माझा नंबर पहिला, ठीक नऊ वाजता.

"दिवसातनं पाच वेळा?" बाईंचा आवाज चिरकला.

"सुट्टीच्या दिवशी नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा आठवडाभर मी घरच्या कुंडीजवळूनही वळसा घालून जात होतो. मग त्यांनी नखानं खोडाची साल किंचित खरवडली. उजवीकडे आत हिरवं दिसलं. डावीकडे तपकिरी. डाव्या फांदीवर त्यांचं नख थांबलं आणि तिथंच राहिलं. ती फांदी त्यांच्या नवऱ्यानं, गेन्झोनं वाकवली होती, हे मला पुढे कळलं. दोऱ्यात गुंडाळून, दर हिवाळ्यात बोटभर, असे सात हिवाळे. आठव्या हिवाळ्याला तो नव्हता.

"डावी बाजू मरत चाललीय," त्या एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात आमच्या विभागाचे हाताकेदा साहेब आले. "आजी, आवाज जरा कमी. झाड तर हिरवंगार दिसतंय की."

"आजी तुझ्या घरी असेल! शिंपाकु मेल्यावरही तीन-तीन महिने हिरवा राहतो. बघणाऱ्याला वाटतं सगळं चालू आहे. तुमच्या ऑफिससारखं."

नऊ माणसांपैकी कुणीतरी हसलं. कोण ते साहेबांनी पाहून ठेवलं.

बाईंनी उपाय सांगितला. आजच्या आज बाहेर काढा, सकाळचं ऊन लागेल आणि वारा झोंबणार नाही अशा जागी. पाणी निथळायला कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवा. पानं रोज खालून फवाऱ्यानं धुवा. माती सुकल्याशिवाय थेंब घालू नका. आणि कात्री लावू नका. "पानं हीच त्याची शिदोरी. आजाऱ्याच्या ताटातला घास काढता का?"

मी लिहून घेतलं. साहेब म्हणाले, "अर्ज करा."

बाईंनी अर्ज केला. पण झाडाची नोंद 'आतील सजावट' अशी होती. बाहेर नेलं की ते उद्यान विभागाचं होणार, आणि उद्यान विभाग फक्त जमिनीत मुळं असलेली झाडं घेतो. त्यांनी लेखी विचारलं, हे जमिनीत लावता येईल का? आम्ही लेखी कळवलं, मग ते बोन्साय राहणार नाही. त्यांनी विचारलं, मग ते काय असेल? यावर आमच्या दोन बैठका झाल्या.

बाई दर सोमवारी येत. "निघालं का?" सुरुवातीला ओरडत. ऑगस्टमध्ये ओरडेनाशा झाल्या. नुसत्या खिडकीशी उभ्या राहत, मुठी काउंटरवर ठेवून. ते जास्त वाईट होतं. मी माझ्या वाटचं पाणी बंद केलं आणि शिक्का तेवढा मारत राहिलो. आयुष्यातली माझी ती पहिली खोटी नोंद. बाकीचे चौघे प्रामाणिक निघाले.

सप्टेंबर संपता संपता डावी फांदी तांबूस होऊन सुकली. साहेबांनी झाड मृत ठरवलं.

"साहेब, उजवीकडे अजून हिरवं आहे," मी म्हणालो.

"मेल्यावरही हिरवा राहतो. त्या आजीनंच सांगितलं ना?"

'मोठा कचरा, उचलून न्यावा' अशी चिठ्ठी कुंडीवर मी चिकटवली आणि कुंडी मागच्या फाटकाशी ठेवली. सकाळी आठ वाजता बाई हातगाडी घेऊन हजर. तिथला कचरा उचलणं हा गुन्हा आहे आणि तो पकडण्याचं काम आमच्याच विभागाचं आहे.

"चिठ्ठी कुणी चिकटवली?"

"मी."

"मग आता तोच हात लाव उचलायला."

मी लावला.

त्या हिवाळ्यात बाईंनी काहीही केलं नाही. अंगणात भिंतीच्या आडोशाला झाड ठेवलं आणि रोज मातीला बोट लावून परत गेल्या. मार्चमध्ये कुंडीतून काढलं, काळी पडून कुजलेली मुळं कापली, उरलेली भरड खड्यांच्या मातीत बसवली. एक सुकलेलं टोक मी खुडायला गेलो तर हातावर फटका बसला. तिसऱ्या वसंतात उजव्या बाजूला कोवळे, पोपटी शेंडे आले. डाव्या फांदीची साल बाईंनी स्वतः सोलली आणि मेलेलं लाकूड सडू नये म्हणून तिला गंधक-चुन्याचं पाणी फासलं. सडक्या अंड्यांचा वास गल्लीभर पसरला. फांदी हाडासारखी पांढरी झाली. वाक तसाच होता.

"त्याला सात हिवाळे लागले," ब्रश धुता धुता बाई म्हणाल्या. "तुम्हाला एक उन्हाळा पुरला."

 त्या 'तुम्हाला'मध्ये मीही होतो.

आणि मग एके दिवशी हाताकेदा साहेबांनी त्या गल्लीतून जाताना भिंतीवरून डोकावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंना पत्र गेलं. टाइप मीच केलं: 'सदर मालमत्ता दहा दिवसांत मूळ स्थितीत परत करावी.'

सोमवारी बाई आल्या. पत्र हातात चुरगळलेलं. "साहेब, तुमच्या वहीत ते मेलंय ना?"

"नोंद चुकू शकते."

"मग चुकलं कोण?"

"नोंद चुकली, आजी. माणूस नाही चुकला. आणि हे बघा, मूळ स्थितीत म्हणजे मूळ स्थितीत. कार्यालयात आली तेव्हा होती तशी."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. वाटलं, आता इमारत हादरणार. पण त्या अगदी हळू म्हणाल्या, "मूळ स्थितीत." मग माझ्याकडे वळल्या. "नागुमो, कोरा अर्ज दे."

त्यांनी उभ्यानंच लिहिला. पेन इतकं दाबून धरलं होतं की कागद दोन ठिकाणी फाटला. अर्जाखाली पाच चौकटी आहेत. पहिल्या चौकटीत माझा शिक्का आहे. बाकीच्या चार अजून कोऱ्या आहेत. अर्ज असा:

'विषय: मालमत्ता मूळ स्थितीत परत मिळणेबाबत. महोदय, आपल्या कार्यालयाने आत घेतले तेव्हा सदर झाडाची डावी फांदी जिवंत होती. ती माझे पती कै. गेन्झो यांनी सात हिवाळ्यांत वाकवलेली होती. तरी सदर फांदी मला मूळ स्थितीत, म्हणजे जिवंत, परत मिळावी. मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेले झाड मी स्वतः हातगाडीवरून आपल्या कार्यालयात आणून देईन. योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.'