माझ्याविरुद्ध भरलेली सभा

मी सानगडीच्या रेशन दुकानातली अंगठ्याची मशीन बोलतेय. हसू नका. अख्ख्या गावाच्या तांदळाला आधी माझी परवानगी लागते, एवढा माझा मान आहे.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यातला. आमच्या भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा मी कुणाच्या डोक्यातही नव्हते. खोक्यातून निघाले ती थेट दुकानदार लक्ष्मणरावांच्या टेबलावर. माणूस भला, पण घाबरट. पहिल्या दिवशी त्यांनी मला हळदीकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि धुरानं माझी काच काळी पडेल म्हणून लगेच विझवलीही.

माझं काम सोपं. बोट ठेवलं की त्यावरच्या रेषा पाहायच्या आणि सरकारी नोंदीशी जुळतात का ते सांगायचं. जुळल्या तर पावती, नाही तर लाल दिवा. धानाची रोवणी लागली की मात्र माझी पंचाईत होते. बायका दिवसभर वाकून चिखलात रोपं खोचतात. दुकानात येतात तेव्हा बोटं भिजून सुरकुतलेली, रेषा झिजून गेलेल्या. मग कुणी बोट पदराला पुसतं, कुणी तेलकट केसांतून फिरवतं. मी डोळे फाडून पाहते, पण दिसेल तर ना!

पार्वताबाईंचं बोट तर काही केल्या लागत नसे. त्या रोवणीच्या टोळीच्या पुढारीण, साठी उलटलेल्या. घरात एकट्याच, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा अंगठा चालवायचीही सोय नाही. पिशवी घेऊन यायच्या आणि रिकामी घेऊन जायच्या.

"भाऊ, तुमी मले लहानपणापासून ओळखता ना?"

"मी ओळखतो बाई, पन हे मशीन नाही ना ओळखत. मी काय करू?"

शेजारीच तृप्तीचं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. एका दुपारी ती मोबाइल घेऊन रांगेपाशी आली. "मावशी, दिल्लीच्या सरकारनं या मशीनच्या नियमाचा मसुदा काढला. नियम अजून पक्के नाही झाले. लोकायले विचारून राहिले, काय वाटते ते रविवारपर्यंत सांगा म्हणून."

"दिल्लीवाले आपल्याले विचारून राहिले?"

"कोनालेही."

"मंग सांगू ना," पार्वताबाई म्हणाल्या. "विहारात बसू सारे."

रविवारी बुद्धवंदना आटोपली. टोळीतल्या गोदावरीबाई आणि इतर जणीही विहारात आल्या. लक्ष्मणरावांना निरोप होता, मशीन आना. त्यांनी मला पिशवीत घालून नेलं. माझ्याविरुद्ध सभा आणि मलाच बोलावणं! माझा जीव टांगणीला लागला.

पाहते तर काय, सगळ्या बायका साबणानं हात धुऊन, बोटांना तेल चोळून, पुसून, रांगेत उभ्या.

"हे काय चालू आहे?" तृप्तीनं विचारलं.

"मत द्याले आलो ना," गोदावरीबाई म्हणाल्या. "अंगठा नाही लागला तं मत जाईन कसं?"

तृप्ती हसता हसता खालीच बसली. "मावशी, इथं अंगठा नाही लागत. नुसतं बोलाचं."

आजवर सरकारदरबारी अंगठ्याआधी कुणी तोंड उघडायला सांगितलंच नव्हतं. मग एकदा सुरुवात झाली आणि जिच्या तोंडाला येईल ते ती बोलू लागली. आंधळी म्हणाल्या, मेली म्हणाल्या. एकीनं तर मला तलावात फेकायला सांगितलं. मला फार वाईट वाटलं.

"तिले काहून फेकता?" पार्वताबाई म्हणाल्या. "ती आहे म्हणून आपल्या नावाचं धान्य दुसरा कोनी उचलत नाही. तिले पाहू द्या. पन तिले दिसलं नाही म्हणून मी मी नाही, असं कसं होईन?"

माझा जीव भांड्यात पडला. तृप्तीनं मराठीतच लिहून पाठवलं: बोट लागलं नाही तर माणसाला परत पाठवू नका, दुसरा पुरावा पाहून धान्य द्या.

बरेच महिने काही कळलं नाही. नियम आले तेव्हा त्यात तशी सोय होती. "देशभरातून लोकायनं लिहिलं असन," लक्ष्मणराव म्हणाले. "आपल्यामुळंच झालं असं नका समजू."

"बरं झालं ना," पार्वताबाई म्हणाल्या. "त्यायचीही बोटं आपल्यासारखीच असतीन."

यंदाच्या रोवणीतही त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं आणि मी लाल दिवा दाखवला. पूर्वी अशा वेळी त्यांचा चेहरा पडायचा. आता त्यांनी निवांतपणे कार्ड पुढे केलं, लक्ष्मणरावांनी तांदूळ मोजला. मी 'नाही' म्हटलं तरी कुणी उपाशी राहत नाही, याचा मला केवढा आनंद आहे म्हणून सांगू!

आता मी म्हातारी झालेय. बटणं घासली, बॅटरी दुपारीच मान टाकते. माझ्या जागी चेहरा पाहणारी मशीन येणार, अशी कुणकुण आहे. येऊ दे बापडी. तुमच्या गावीही ती येईल. विचारायला आले तर गप्प बसू नका, एवढंच माझं मागणं.

सानगडीची मला काळजी नाही. नव्या मशीनची गोष्ट निघाली तेव्हा पार्वताबाईंनी भरलेली पिशवी डोक्यावर घेतली आणि दारातूनच तृप्तीला हाक दिली, "येऊ दे तिले. पन आधी मसुदा कुठी आहे, ते सांग!"