वीराच्या वाळ्याचं खोटं

दुपारी एक वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो.

मी एक वाळा. चांदीचा, तीन घुंगरांचा. माझा जोडीदारही त्या खोट्यात सामील होता, पण त्याचं एक घुंगरू दबलेलं आहे, तो मुळात कमी बोलतो. म्हणून सांगायचं माझ्यावर आलं.

माझा जन्म कामशेतच्या एका सोनाराकडं झाला. त्याआधी मी भागूबाईच्या पायातला तोडा होतो. भागूबाई वर डोंगरावरच्या वाडीत राहते. नात झाली तेव्हा तिनं तोडा काढून सोनारापुढं ठेवला.

सोनार म्हणाला, "मावशी, ठेवा की. चांदीचा भाव चढलाय."

"चढू दे न्हाईतर पडू दे. माजं पाय आता कुटं नाचनार हायत? वाजनारं कायतरी कर. पोर कुटं गेली ते आयला कळलं पायजे."

एवढ्यासाठी मी जन्मलो. पोर कुठं आहे ते आईला कळावं, बास.

पोरीची आई उज्ज्वला. एकवीरा आईला नवस बोलली होती, म्हणून पोरीचं नाव वीरा. उज्ज्वला लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. तिचा नवरा हृतिक खंडाळ्याच्या एका हॉटेलात चादरी-टॉवेल धुतो. लोणावळ्याजवळ औंढ्यात एक खोली भाड्यानं घेतली आहे. एकाच्या पगारात भागत नाही, म्हणून दोघं बाहेर आणि वीरा पाळणाघरात. "आजीकडं का न्हाई ठेवत?" असं सगळे विचारतात. आजीकडं बकऱ्या आहेत आणि अंथरुणाला खिळलेला तिचा नवरा शिदू आबा आहे. विचारणाऱ्याचं काय जातं?

पहिलं पाळणाघर चांगलं होतं. भिंतीवर ससे काढलेले, आठ पोरांना दोन बाया, आणि वर क्यामेरा. आयांनी कामावरून मोबाइलवर पोर बघायची. पण वर्षात तीनदा फी वाढली. फीवाढीची तिसरी चिठ्ठी उज्ज्वलानं दोनदा वाचली. निम्म्याहून जास्त पगार तिथंच जाणार होता.

"पोर सांभाळायला कामाला जायचं, आन् कामाला जायला पोर ठिवायची," हृतिक म्हणाला. "ह्यात आपन कुटं?"

मग वीरा शालूमावशीकडं आली. दोन खोल्या, फी जवळजवळ अर्धी.

"क्यामेरा न्हाई का, मावशी?" उज्ज्वलानं घाबरत विचारलं.

"क्यामेरा कशाला? तुज्या पोरीच्या पायात भोंगा हाय की! जेवायच्या सुट्टीत फोन लाव, ऐकवते."

तसंच ठरलं. कारखान्यात एकच्या सुट्टीतच फोन हातात मिळतो. हात धुऊन, डबा उघडून उज्ज्वला फोन लावायची तोवर एक वाजून दहा व्हायचे. मावशी वीराच्या पायाशी फोन धरायची. वीरा दीड वर्षाची. तिची चाल म्हणजे दोन पावलं, मग थांबा, मग तीन घाईची, मग धप्प! धप्प झालं की पलीकडं उज्ज्वला हसायची आणि घास तोंडात घालायची. ज्यांना परवडतं त्यांना पोर दिसते. उज्ज्वलाला ऐकू यायची.

शालूमावशी वाईट नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. वीराला ताप आला तेव्हा दिवसभर तिला खांद्यावर घेऊन तिनं स्वयंपाक केला होता. पण बाकीच्या पाळणाघरांची फी वाढली तशा सगळ्या आया तिच्याकडं आल्या. "तेवढी माजी घ्या, मावशी," म्हणत एकेक पोर उंबऱ्याच्या आत आलं. सात होती, सोळा झाली. हात मात्र दोनच राहिले.

दुपारी एक झोपलं की दुसरं उठायचं, आणि उठवायचो आम्ही. वीरानं कूस बदलली की छुम. एक दिवस मावशीनं आम्हाला काढून खिळ्याला टांगलं. आणि त्याच दिवशी, एक वाजून दहा मिनिटांनी, फोन आला. मावशीच्या मांडीवर रडकं पोर, वीरा आतल्या खोलीत झोपलेली. तिनं हात लांब करून आम्हाला खिळ्यावरून घेतलं आणि फोनपाशी हलवलं.

"ऐकलंस का? खेळतीया."

"व्हय मावशी. जेवली?"

"जेवली की."

मी वाजलो. मला वाजायला येतं, थांबायला येत नाही. पायात वाजतोय की मुठीत, हे मला सांगता येत नाही.

पुढं तीन आठवडे रोज असंच. बाराला खिळ्यावर, एक-दहाला मुठीत, चारला परत पायात. उज्ज्वला घ्यायला यायची तेव्हा आम्ही शहाण्यासारखे जागेवर.

मग नाताळच्या सुट्टीचा आठवडा आला. लोणावळ्यात गाड्यांना गाड्या चिकटल्या होत्या. कारखान्यात रजा बंद. एके दुपारी एक आई आपलं पोर लवकर घेऊन गेली, आणि दाराची कडी उघडीच राहिली.

मी खिळ्यावरून बघत होतो. वीरा उठली, डोळे चोळत बाहेर आली. दोन पावलं, थांबली. माझ्याकडं बघून तिनं हात वर केला. मग तीन घाईची पावलं, आणि दार ढकललं. कसलाही आवाज नाही. मावशी पाठमोरी, दोन पोरांना भरवत होती. मी किती जीव खाऊन वाजायचं ठरवलं! पण त्या खिळ्यापाशी वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

थोड्या वेळानं फोन आला. मावशीनं आम्हाला घेतलं, हलवलं. "खेळतीया," म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की वीरा आत झोपली आहे.

पलीकडं काय झालं ते मला नंतर उज्ज्वलाच्या तोंडून कळलं. फोन ठेवून ती शेजारी जेवायला बसलेल्या संगीताला म्हणाली, "माजी पोरगी एवडी तालात चालत न्हाई गं."

"मग नाचायला शिकली आसंल," संगीता हसली. "जेव की गप."

"धप्प न्हाई झालं. आज न्हाई, आन् गेल्या कितीक दिसांत एकदापन न्हाई."

डबा तसाच उघडा टाकून ती निघाली. सुपरवायझर मागून ओरडला, अर्धा दिवस कापीन म्हणून. ती गाड्यांच्या रांगेतून पळत सुटली. पाळणाघर अजून एक वळण लांब होतं, आणि वळणावर कणसाची गाडी लावणाऱ्या दत्तोबाच्या पायाशी, अनवाणी, हातात कणीस धरून, तिची पोर बसली होती.

"कुनाची हाय वो ही?" दत्तोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता. "गाड्यांच्या मदनं चालत आली. त्या पांढऱ्या गाडीवाल्यानं ब्रेक दाबला नसता तर..."

उज्ज्वलानं पुढचं ऐकलं नाही.

मावशीला रिकामं अंथरूण तेव्हाच दिसलं होतं. ती ओरडत दारापाशी धावली आणि समोर कडेवर वीराला घेऊन उज्ज्वला उभी. आम्ही अजून मावशीच्या मुठीत. उज्ज्वलानं पोरीच्या पायाकडं बघितलं, मग मुठीकडं.

"कुटं खेळत होती, मावशी?"

मावशीची मूठ सुटली, मी फरशीवर पडलो आणि वाजलो. त्या दिवसातला तेवढाच माझा खरा आवाज.

"सोळा हायत गं," मावशी रडायला लागली. "दुसरी बाई कुटनं ठिवू? फी वाडवली की तुमीच पोर काडून नेताय."

उज्ज्वला स्वतः अर्ध्या फीसाठीच इथं आली होती. आत एकेक पोर उठून रडायला लागलं होतं.

चार दिवस बिनपगारी बसून उज्ज्वला तीन पाळणाघरं फिरली. एकात जागा नाही. एकाची फी पहिल्यापेक्षा जास्त. एकात टीव्हीपुढं पोरं बसवलेली, दार वाजलं तरी एकानंही मान वळवली नाही. पाचव्या दिवशी ती वीराला घेऊन पुन्हा शालूमावशीच्या दारात उभी राहिली. मावशीनं नवी कडी बसवली होती, वर, मोठ्या माणसाच्या हाताला लागेल अशी.

आम्हाला मात्र उज्ज्वलानं परत पायात घातलं नाही. आता मी आणि माझा जोडीदार तिच्या डब्याच्या पिशवीत असतो. एक वाजून दहा मिनिटांनी ती फोन लावते आणि म्हणते, "वीराला द्या." मग नुसता श्वास ऐकू येतो. कधी कधी लय वेळ. मग बारीक आवाज येतो, "आयं." तेव्हा ती डबा उघडते.

संगीताची नणंद मावशीच्या हाताखाली यायला तयार आहे. प्रत्येक आईनं थोडं थोडं जास्त दिलं तर तिचा पगार निघेल. उज्ज्वला दारोदार जाऊन सांगते आहे. ती धरून सोळापैकी पाच आया तयार झाल्या. बाकीच्या म्हणतात, "आमचं पोर तर मजेत हाय, आमी रोज फोनवर त्याचा वाळा ऐकतो."

त्या अकराजणींपैकी कुणी तुमच्या ओळखीची असेल, शेजारची असेल, एका टेबलावर चिक्की भरणारी असेल, तर माझं एवढं तिच्या कानावर घाला. वाळा कुणाच्याही मुठीत वाजतो. त्याच्यावर विसंबू नका. पोराला हाक मारा, आणि ओ येईपर्यंत फोन ठेवू नका.