सोळाच्या तोऱ्यातली रिंग

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, आणि डिचोलीच्या एका खाण-कचेरीच्या अडगळीत धूळ खात पडले आहे. कॉम्प्युटर एकमेकांना जोडणं हे माझं काम. मला रिंग म्हणायचे. गोवा राज्य होऊन पाचेक वर्षं झाली होती, तेव्हा मी पणजीहून इथे आले. रघुनाथ साहेबांनी नारळ फोडून माझी पूजा केली होती, आहात कुठे!

माझी रीत मोठी शिस्तीची. एक चिठ्ठी मशीनांमधून फिरायची. ज्याच्याकडे चिठ्ठी असेल त्याच मशीनने बोलायचं. बाजारात तेव्हा दुसरी एक स्वस्त पद्धत होती. तिच्यात सगळी मशीनं एकदम बोलत, आदळत, थांबत आणि पुन्हा बोलत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला गलका नुसता! मी तिला हसायचे.

चार वर्षांनी साहेबांना वेग हवासा झाला. मशीनांना माझ्याशी जोडणारी जुनी कार्डं काढून चौपट वेगाची बसवली. चारचा वेग सोळावर गेला. पण एकेक कार्ड इतकं महाग, की एक मशीन राहून गेलं. ते विनोदिनीचं. ती कोरगावची. बसगाड्या बदलत यायची आणि खनिजाच्या ट्रकांच्या याद्या टाइप करायची. नोकरी हंगामी. दोन वर्षं भरली की मार्चमध्ये कायम करू, असा साहेबांचा शब्द होता, आणि घरात मिळवती ती एकटीच.

माझा दोष असा, की सोळाच्या रिंगेत चारचं एक जरी कार्ड शिरलं, तरी मी सगळ्यांचीच बोलती बंद करायचे. नवी कार्डं मात्र चारवरही चालली असती.

"सायबानूं, सगळीच चारार चलली तर काय बिघडतला?" विनोदिनीने विचारलं.

"पैसे मोजायचे सोळाचे आणि चालायचं चारवर? लोक हसतील," साहेब म्हणाले. मलाही ते पटलं. जळला मेला माझा तोरा!

शेवटी मशीनं सांभाळणाऱ्या सुदेशने तोड काढली. एक ते तीन कचेरी बंद. सगळे आपापली मशीनं बंद करून घरी जायचे आणि जेवून आडवे व्हायचे. तेवढ्यात तो सगळ्या याद्या साठवणारं मुख्य मशीन चारवर आणायचा आणि विनोदिनीची वायर माझ्यात खुपसायचा, म्हणजे तिच्या याद्या तिकडे जायच्या. तीनच्या आधी वायर काढून पुन्हा सोळा. दीड वर्ष त्या बाईने दुपारचा घास धड खाल्ला नाही.

फेब्रुवारीत एक दिवस ती काम संपवून डबा धुवायला मागच्या नळावर गेली. सुदेशने घाईघाईत मुख्य मशीन सोळावर टाकलं आणि वायर काढायला विसरला. मी बघत होते. तीनला मशीनं सुरू झाली, माझ्या पोटात टक् टक् वाजलं आणि सगळी रिंग मुकी! कारण सापडेपर्यंत सव्वापाच झाले. धक्क्यावरची खनिज नेणारी बार्ज याद्यांसाठी खोळंबली आणि तिची नदीतल्या भरतीच्या पाण्याची वेळ चुकली.

"कोणाची वायर ही?" साहेब ओरडले.

"विनोदिनीची," सुदेश म्हणाला. खोटं नव्हतं ते.

"सुदेशबाब, वायर सदांच तुमी काढतात ना?" तिने विचारलं. सुदेश वायर गुंडाळत राहिला. साहेबांनी तीच विसरली असं धरून तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

चार महिन्यांत ती गलकेवाली माझ्या जागी आली. माझ्या एका कार्डाच्या किमतीत तिची पाच कार्डं यायची. शिवाय मंद मशीनशी ती हळू बोलायची, वेगवानाशी भरभर, आणि कोणालाच बाहेर ठेवायची नाही. सुदेशने विनोदिनीच्या मशीनमध्ये म्हापशाहून आणलेलं एक वापरलेलं, मंद कार्ड घातलं. पहिल्या झटक्यात चाललं. बाकीच्यांना पत्ताही लागला नाही. सुदेश उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन काही नवं बनवाल, तेव्हा जुन्याला त्यात शिरता येतं का आणि गरिबाला ते परवडतं का, एवढं आधी बघा. मी ते कधी बघितलं नाही. माझी धूळ पुसायला येऊ नका, त्याची मला गरज नाही. रघुनाथ साहेब आता निवृत्त होऊन लामगावला राहतात. त्यांना गाठा आणि सांगा, वायर काढायला विनोदिनी नव्हे, सुदेश विसरला होता.