हातोडीने ठोकलेला स्क्रू

दळण घेऊन येताना गल्लीच्या तोंडाशीच सुनंदाला ठकठक ऐकू आली. डबा ओट्यावर आदळून ती आत धावली. व्हायचं तेच झालं होतं. थोरले दीर तोताराम, सगळ्यांचे नाना, मांडी घालून बसलेले. पुढ्यात तिची नवीकोरी गिटार आणि हातात हातोडी.

तारा पिळायच्या चाव्यांचे पितळी स्क्रू नानांनी खाटेला ठोकतात तसे ठोकले होते, वर शेवटाला पेचकसानं नुसते दोन पीळ दिले होते. एकाचं डोकं उडालं होतं आणि धड शिसवीच्या लाकडात रुतून बसलं होतं. ती चावी लटलटत होती.

"एक स्क्रू तुटना ते काय व्हयनं?" नाना भिंतीला म्हणाले. भिंतीलाच, कारण या घरात थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी बोलत नसत. काय सांगायचं ते नवऱ्यामार्फत. आणि हेच नाना दर जयंतीला स्टेजवर बायांच्या हक्कांवर तासभर बोलायचे! डोंबल त्या भाषणाचं!

सुनंदाचं माहेर भुसावळचं. वडील रेल्वेतल्या बँडवाल्यांच्या गिटारी दुरुस्त करायचे, त्यांच्याकडून ती शिकली. पण अख्खी गिटार स्वतःच्या हातानं केली ती ही पहिलीच. पारोळ्याची गायन पार्टी आज दुपारी ती न्यायला धुळ्यात येणार होती. नानांनी बजावलं होतं, जयंतीआधी ही गिटार गेली नाही तर सुनंदाचा कामाचा बाक त्यांच्या खाटांच्या धंद्याला. आणि उशीर नको म्हणून स्क्रू बसवायला ते स्वतःच पुढे झाले होते.

नवरा, लोटन, दारात उभा होता. ती त्याच्यावरच उखडली. "तुम्ही सांगितलं होतं ना यांना? आधी भोक पाडायचं, लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडायचे, तो काढायचा, मग पितळीला मेण लावून हातानं पिळायचा?"

"म्हटलं होतं की," लोटन पुटपुटला, "जरा हळू ठोका म्हणून."

"हळू ठोका! वा रे निरोप्या!"

रडायला वेळ नव्हता. तिनं जुन्या रेडिओच्या एरियलची बारीक नळी कापली, तिच्या तोंडाला कानशीनं दाते पाडले आणि ती हातड्रिलात अडकवली. नळी घसरू नये म्हणून भोक पाडलेली फळी वर आवळली. मग तुटक्या स्क्रूच्या भोवतीनं ती हळूहळू फिरवू लागली. लाकूड करपल्याचा वास आला. दात-ओठ खात ती फिरवत राहिली, शेवटी स्क्रूसकट लाकडाचा खुंटा बाहेर आला. भोकात तिनं शिसवीचीच गुल्ली सरस लावून बसवली आणि गिटार उन्हाच्या झळीत वाळायला ठेवली. तेवढ्यात पाठीमागे पुन्हा ठक!

नानांनी ती सुटी झालेली चावी पुढ्यात ओढली होती आणि तिचा स्क्रू ठोकायला आधी लाकडी पाटावर हात बसवत होते.

"नाना, हातोडी खाली ठेवा."

नानांचा चेहरा लालबुंद. "लोटन, तिले सांग..."

"मला सांगा ना! मी काय परगावी आहे? तुमच्या हातोडीनं माझ्या जिवाचं पाणी केलंय आज. परत हात लावाल तर बघा!"

नाना हातोडी आपटून ओट्यावर जाऊन बसले. सरस वाळल्यावर तिनं गुल्लीला भोक पाडलं, लोखंडी स्क्रू फिरवून काढला, मेण लावलं, पितळी बसवला. बाकीचे ठोकलेलेही सगळे काढून तिनं रीतीनं बसवले. एकही तुटला नाही.

पार्टीचा म्होरक्या पितांबर आला. त्यानं तारा ताणल्या, वाजवून बघितलं, कान लावून ऐकलं. एकही चावी सरकली नाही.

"झकास! कोणी बनवली हो?"

लोटननं ओट्याकडे बघितलं. नानांची पाठ अजून फुगलेली होती. भावाचा रुसवा निघावा म्हणून तो हसून म्हणाला, "आमच्या नानांनी."

सुनंदानं पितांबरच्या हातातली गिटार हिसकावून घेतली. "असं होय? मग नाना बनवून देतील तेव्हा न्या."

"अहो बाई, गाडी उभी आहे!" पितांबर गडबडला.

ती लोटनकडे बघत राहिली. "हिनं," तो हळूच म्हणाला. "सुनंदानं."

"पितांबरभाऊंना कळलं. आता ओट्यावर जा आणि नानांच्या तोंडावर सांगा."

लोटन पाय ओढत नानांपुढे जाऊन उभा राहिला. "नाना, ती गिटार हिनंच बनवली." हे सबंध वाक्य ऐकू आलं, तेव्हाच तिनं गिटार पितांबरच्या हाती सोडली.