दुसरं दार

सकाळपासून तिर्झा होक्स्ट्राला एका जागी बसवत नव्हतं. गणवेशाचा ब्लेझर तिने दोनदा घातला नि दोनदा काढला. ओटची लापशी तशीच निवून गेली. स्वयंपाकघर ते गॅरेज आणि गॅरेज ते स्वयंपाकघर अशा तिच्या येरझाऱ्या चालल्या होत्या, आणि ओठ सारखे हलत होते.

"बस गं जरा बाई," आई म्हणाली. "तुझ्याकडे बघून मलाच धाप लागली."

"बसले की विसरते."

"मग उभी राहा, पण एका जागी राहा."

तेही जमण्यातलं नव्हतं. आज तिचा प्रबंध होता. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात गव्हाच्या टेकड्यांमध्ये वसलेल्या त्यांच्या छोट्याशा अकॅडमीत बारावीतून बाहेर पडायचं तर हा घाट चढावाच लागे: हातात कागद न घेता, भरल्या सभागृहापुढे आपला मुद्दा मांडायचा, मग तीन परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. या शाळेत बास्केटबॉल येत नसला तरी खपे. पाठांतर कच्चं असलेलं मात्र खपत नसे. पहिलीतली पोरं दोरीवरच्या उड्या मारताना लॅटिन क्रियापदं म्हणत, आणि आयुष्यात लॅटिन न शिकलेल्या त्यांच्या आया दुकानात बटाटे निवडताना त्याच चालीवर गुणगुणत.

तिर्झाचा विषय होता, 'लॅटिन प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचं असावं.' गेल्या वर्षी तिने तो उड्या मारत निवडला होता. लॅटिनमध्ये तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं, आणि हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. प्रबंधातलं एक वाक्य तर तिने इतकं घोटलं होतं की वक्तृत्व शिकवणाऱ्या मिसेस केसलरनी त्याच्याखाली लाल रेघ ओढून बाजूला 'वा' लिहिलं होतं. वाक्य असं होतं: 'ज्याला हे ओझं पेलत नाही, त्याच्यासाठी ओझं हलकं करणं ही दया नव्हे, त्याला दुसरं दार दाखवणं हीच दया.'

मग फेब्रुवारीत मुख्याध्यापक मिस्टर प्रुइटांनी आईवडिलांना बोलावून घेतलं. विषय होता जूनी, तिर्झाची चौथीतली बहीण. जूनीच्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचत. लॅटिनचा पेपर म्हणजे तिच्यासाठी युद्धच, आणि प्रत्येक युद्धात ती हरून यायची. प्रुइट काही वाईट माणूस नव्हते. खरी पंचाईत तीच होती, कारण वाईट माणसाशी भांडता तरी येतं. "फार गोड पोर आहे," ते म्हणाले होते, "पण सगळ्या झाडांना एकच माती मानवत नाही. वसंतातला पेपर पाहू, मग ठरवू." वसंतातला पेपर झाला. जूनीने अर्धं पान लिहिलं, तेही बरंचसं उलटं. तिला या शाळेत ठेवायचं की गावातल्या शाळेत घालायचं, हा निर्णय याच आठवड्यात व्हायचा होता. जूनीला काही सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

तेव्हापासून ते लाडकं वाक्य तिर्झाच्या घशात अडकत होतं. सोमवारी ती धीर करून मिसेस केसलरकडे गेली होती.

"एक वाक्य गाळलं तर चालेल का?"

"कुठलं?"

तिने सांगितलं. मिसेस केसलरनी चष्मा काढला. "कळस काढून घेतलास तर देऊळ बसकं दिसेल. शिवाय लेखी प्रत नाताळातच दिलीस. जे दिलंस तेच बोलायचं, हे तुला मी सांगायला हवं?"

"पण आता ते मला पटत नाही."

"सगळं?"

"माहीत नाही."

"मग आधी माहीत करून घे," मिसेस केसलर म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, पण सुट्टी काही मिळाली नाही.

घरात सरावाला जागा एकच, कपडे धुण्याची खोली. रोज दुपारी तिर्झा ड्रायरच्या घरघरीवर आवाज चढवून ते भाषण म्हणत होती. त्या वाक्यापाशी आली की ती गाडी पळवल्यासारखी पुढे निघून जायची. पलीकडच्या खोलीत जूनी पलंगावर पालथी पडून लॅटिन शब्दांचं कार्ड उलटसुलट करत असे.

सभागृह म्हणजे चर्चचं तळघर. मागच्या टेबलावर लेमन बार, म्हणजे साखर भुरभुरलेल्या लिंबाच्या वड्या, आणि कॉफी मांडून ठेवली होती, आणि सुरुवातीलाच सगळ्यांनी उभं राहून चार सुरांत स्तोत्र म्हटलं. तिर्झाच्या आधी अँसन ब्लिस नावाचा मुलगा उभा राहिला आणि मध्येच अडकला. लगेच त्याच्या हाउसमधला, म्हणजे शाळेतल्या त्याच्या गटातला, एक जण उठला आणि त्याने पुढचं वाक्य सांगितलं. अँसनने ते जसंच्या तसं म्हटलं नि गाडी रुळावर आली. सगळ्यांनी बाकांवर बोटांनी ठकठक केली. या शाळेची ही जुनी रीत. तिला 'हात देणं' म्हणत. आपल्याच हाउसमधल्या कुणीही, वय काहीही असो, एकदा हात द्यायचा, आणि वक्त्याने तो घ्यायचा. घेतला नाही तर प्रबंध नापास.

सख्खी भावंडं नेहमी एकाच हाउसमध्ये टाकत. तिर्झा कथबर्ट हाउसची, म्हणून जूनीही. निळा बिल्ला लावून ती पहिल्या रांगेत बसली होती. पाय जमिनीला पुरत नव्हते. तिच्यामागे आईबाबा होते, आणि बाबांनी ट्रॅक्टरच्या ग्रीसचे हात इतके घासले होते की ते लालभडक झाले होते.

तिर्झा बोलायला लागली. आवाज आधी कापला, मग लागला. रोम झालं, मठ झाले, जुन्या शाळा झाल्या. परीक्षकांमध्ये मधोमध बसलेले प्रुइट मान डोलावत होते. आणि मग ते वाक्य आलं.

"ज्याला हे ओझं पेलत नाही," तिर्झा म्हणाली, आणि थांबली.

विसरली नव्हती ती. वाक्य तिच्या जिभेवर होतं, पण समोर निळा बिल्ला होता, आणि बिल्ल्याच्या वर जूनीचा चेहरा तिच्याकडे इतक्या कौतुकाने बघत होता की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळवून नेऊ म्हटलं तर आज गाडी पळेना. सभागृहात कुणीतरी खोकलं. मिसेस केसलरनी हातातला कागद घट्ट धरला.

तेवढ्यात जूनी उठली.

ब्लेझर खाली ओढून तिने हात शरीराला चिकटवले आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली, "त्याच्यासाठी ओझं हलकं करणं ही दया नव्हे, त्याला दुसरं दार दाखवणं हीच दया."

एक शब्द इकडचा तिकडे नाही. आईने तोंडावर हात ठेवला. मागून बाकांवर ठकठक सुरू झाली, आणि जूनी लाजून, पण छाती काढून, खाली बसली.

प्रुइट मात्र ठकठक करत नव्हते. "जूनी, तुला हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, सर. भिंतीतून ऐकू येतं."

"एवढंच येतं, की आणखी?"

"सगळंच येतं. मध्ये लॅटिन आहे तेपण."

सभागृह हसलं. प्रुइट हसले नाहीत. जूनीच्या पेपरवर त्यांनीच शेरा लिहिला होता, आणि आता ते समोरच्या कोऱ्या कागदाकडे बघत बसले होते. मग ते म्हणाले, "मिस होक्स्ट्रा, तुला हात मिळाला आहे. वाक्य म्हण आणि पुढे चल."

तिर्झाने परीक्षकांकडे पाहिलं. नापास म्हणजे जूनमध्ये सगळे गाऊन घालून मंचावर जातील आणि ती खुर्च्यांत बसेल. आईने केकसुद्धा सांगून ठेवला होता. हे सगळं तिला लख्ख दिसत होतं.

"नाही म्हणणार, सर," ती म्हणाली. "वाक्य माझंच आहे, आणि ते खोटं आहे. मी ते लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं, ओझं न पेलणारे लोक दुसरीकडे कुठेतरी राहतात."

"मग तुझ्या प्रबंधात उरलं काय?"

"ते मला अजून माहीत नाही."

परीक्षकांनी आपसांत कुजबुज केली. रीत म्हणजे रीत. नापास. उन्हाळा सरल्यावर नव्या प्रबंधासह पुन्हा उभं राहायचं. मिसेस केसलर जाता जाता तिर्झाच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. प्रुइटांनी बाबांना बाजूला घेतलं आणि सोमवारी जूनीला घेऊन या म्हणाले, तिची तोंडी परीक्षा घ्यायची आहे. त्यातून काय निघेल ते त्यांनी सांगितलं नाही, आणि बाबांनाही विचारायचा धीर झाला नाही.

व्हॅनमध्ये दोघी मागे बसल्या. आईबाबा अजून दारात लोकांशी बोलत होते. तिर्झाने पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. जूनी लेमन बारवरची साखर चाटत होती.

"मी चुकीचं सांगितलं का?"

"नाही. अगदी बरोबर सांगितलंस."

"मग म्हटलं का नाहीस? हात दिला की घ्यायचा असतो."

"मला ते वाक्य आवडेनासं झालंय."

"मला आवडतं. सगळ्यात छान तेच आहे." जूनीने बोटं चोखली. "दुसरं दार म्हणजे ती गावातली शाळा ना? तिचं दार पिवळं आहे. आई मला दाखवायला घेऊन गेली होती, दंतवैद्याकडे जाऊ म्हणाली आणि तिकडेच नेलं."

तिर्झाचा हात पट्ट्यावरच राहिला. "तुला माहीत होतं?"

"भिंतीतून सगळंच ऐकू येतं. तुझंही आणि आईबाबांचंही."

"मग त्याचा अर्थ कळत असताना उठलीस कशाला गं तू?"

जूनीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होती, एवढी बारावीतली मुलगी आणि हिला हे कसं समजत नाही.

"तू अडकली होतीस ना," ती म्हणाली.