कुलूपवाल्याच्या हातून घडलेलं पाप

देव माणसाला एखादी खोड देतो आणि ती मोडायला एखादं माणूसही देतो. कुलूपवाल्याची खोड अशी, की अडणारं कुलूप दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. नऊ वर्षांपूर्वी लग्नाच्या नोंदणीला निघाला आणि वाटेत कुणा म्हातारीचं कुलूप सोडवत बसला. तोवर कचेरी बंद झाली. त्याची होणारी बायको, टायपिस्टबाई, कचेरीच्या पायरीवर तीन तास बसली आणि उठली ती त्याच्या आयुष्यातूनच.

आज दुपारी तीच दुकानात आली. हातात लोखंडी पेटी.

"उघड. चावी हरवलीय. आत वृद्धाश्रमाच्या जागेचं मूळ दानपत्र आहे. पाचच्या आत कोर्टात दिलं नाही, तर चाळीस म्हातारी माणसं रस्त्यावर येतील. माझी आत्याही त्यातच."

"बस ना."

"बसले होते एकदा."

पेटी उघडली. तिनं कागद पिशवीत घातला, तोच काचेबाहेर दोघे दिसले. एक जाड्या, एक लांबोडा.

"बिल्डरची माणसं. सकाळपासून माझ्या मागावर आहेत."

मागच्या दारानं दोघं जी पळाली, ती तीन गल्ल्या ओलांडून खुर्च्यांच्या एका गोदामापाशी थांबली. दारातच बसवलेलं कुलूप हट्टी होतं. त्यानं तारेनं कसंबसं उघडलं, आत शिरून दार ओढून पुन्हा कुलूप फिरवलं. ती खुर्चीवर टेकली, डोळे मिटले. उघडते तर काय, हा दाराशी गुडघे टेकून कुलपात तेल सोडतोय.

"काय चाललंय?"

"अडत होतं गं. बिचारा रखवालदार रोज किती झटत असेल."

बाहेर पावलं वाजली. रखवालदार त्या दोघांना म्हणत होता, "चावी आहे साहेब, पण हे कुलूप अर्धा तास घेतं." खट्. "अरेच्चा, आज एका फटक्यात!"

दोघं खिडकीतून उतरली. त्याचा सदरा खिळ्यात अडकून फाटला.

"नऊ वर्षांत तू तसूभर बदलला नाहीस," पळता पळता ती म्हणाली.

"तू पण. रागावलीस की अजून भरभर चालतेस."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही.

कोर्टाच्या मागच्या दाराशी पोचली तेव्हा पाचला बारा मिनिटं होती. त्यानं दार उघडलं, दोघं आत गेली, त्यानं आतून कुलूप फिरवलं. फिरवताच कळलं, जीर्ण माल आहे, बाहेरून खिळ्यानंही उघडेल. दाराच्या फटीतून दिसलं, अंगणात जाड्या धापा टाकत येतच होता.

कुलूपवाल्यानं सवयीनं खिशातून तेलाची बाटली काढली. ती नुसती बघत राहिली. पायरीवर बसलेली असताना अशीच बघत असेल रस्त्याकडे, असं त्याला वाटलं.

त्यानं बाटली परत खिशात टाकली. तार कुलपात खोल खुपसली आणि पिळून आतच मोडली. बाहेरून खिळा खरवडू लागला, पण दार हललं नाही.

"देवा, क्षमा कर," तो पुटपुटला. घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा.

पाचला चार मिनिटं असताना कारकुनानं दानपत्रावर शिक्का मारला. तिनं डोळे पुसले. मग त्याचा फाटका सदरा खांद्यावर नीट केला.

"नोंदणीची कचेरी याच इमारतीत आलीय आता. दुसऱ्या मजल्यावर. सहापर्यंत उघडी असते."

"जाऊया?"

"तू पुढे चल. वाटेत दोन दारं आहेत. दोन्हींना कुलूप नाही, मी सकाळीच बघून ठेवलंय."